सुचत नाही की टिपत नाही?

दिवाळी अंकांसाठी कथा मागवल्या जाऊ लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. कुंडीतल्या गुलाबाला कीड का लागते, हे विचारणारे मागे पडतात आणि ‘लिहायचंय, पण…’ म्हणणारे पुढे येतात. या वेळी म्हणूनच सगळे प्रश्न कथालेखनाचे.

सहकारी बँकेत काउंटरवर बसतो. कॉलेजात असताना कथा लिहायचो. आता दिवसभर माणसं समोर येतात, पण रात्री वही उघडली की काहीच सुचत नाही. प्रेरणा कुठून आणायची? चार दिवस रजा टाकून एखाद्या शांत जागी जाऊन राहावं का?
— एक वाचक, सांगली

महाबळेश्वरला जरूर जा, पण कथेसाठी नको. तिथे धुकं दिसेल, आणि धुक्यावर आधीच पुष्कळ लिहून झालंय. तुमच्या काचेपलीकडे रोज जे उभं राहतं, ते त्या धुक्याहून किती तरी कामाचं आहे. ते वहीत उतरत नाही, कारण रात्रीपर्यंत त्यातलं नेमकेपण उडून गेलेलं असतं आणि मागे उरतो तो नुसता मूड.

खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइलही चालेल, पण मोबाइल उघडला की नोंद राहते बाजूला आणि भलतंच सुरू होतं. दिवसाला तीन नोंदी करा, प्रत्येक फार तर दोन ओळींची, आणि झोपण्याआधी त्या झाल्याच पाहिजेत. एक नोंद कानावर पडलेल्या वाक्याची, त्यात एक अक्षर बदलायचं नाही. दुसरी कुणी तरी हातांनी केलेल्या कृतीची. तिसरी तुम्हाला न उलगडलेल्या गोष्टीची. विशेषणं लिहायची नाहीत, भावनेचं नाव घ्यायचं नाही. ‘आज एक बिचारी आजी दिसली’ ही नोंद आठ दिवसांनी वाचलीत तर तिच्यातून काहीही निघणार नाही, कारण आजी गेलेली असते आणि तुमची कणव तेवढी उरलेली असते.

हीच नोंद अशी करून पाहा:

‘रेशन दुकान. म्हातारीचा अंगठा मशीन तीनदा घेत नाही. पदराला पुसून चौथ्यांदा लावते. दुकानदार – सुनेला पाठवा, तिचा लगेच लागतो.’

आता या नोंदीला प्रश्न विचारायचे. कुणाला काय हवंय? आड काय येतंय? आज काम झालं नाही तर काय बिघडेल? आणि या खटाटोपात कुणाचं वजन वाढलं, कुणाचं घटलं? पहिल्या तिन्हींची उत्तरं साधीच आहेत. शेतात राबून, भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि मशीनला ठसा जुळत नाही. कार्डावर नाव असलेल्या आणि आधार जोडलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. खरी गोष्ट चौथ्या प्रश्नात दडलीय. आजवर धान्याच्या कोठीवर म्हातारीची सत्ता होती. आता धान्य घरात येतं ते सुनेच्या अंगठ्यावर, आणि हे दोघींनाही कळलंय. मग एका महिन्याच्या अखेरीला सून म्हणते, ‘मी आधी चार दिवस माहेरी जाऊन येते, मग बघू रेशनचं.’ सासूने यावर काय बोलावं, ते तुम्ही लिहायचं. इथे मशीनवर, सरकारवर भाष्य करायचा मोह होईल. तो टाळलात तर कथा हाती लागेल, नाही तर वाचकांच्या पत्रव्यवहारात छापण्याजोगा मजकूर तयार होईल.

रविवारी आठवड्याच्या एकवीस नोंदी वाचा. अजूनही टोचतात अशा दोनच नोंदींवर खूण करा आणि बाकीच्या सोडून द्या. सगळ्या नोंदी वापरायच्या म्हटलं की कथेचं प्रदर्शन होतं.

तुम्ही बँकेत आहात म्हणून आणखी एक. खातेदाराची माहिती कथेत जाऊ देऊ नका. गाव, धंदा आणि नातं, या तिन्ही गोष्टी बदला. फक्त ती कृती किंवा ते वाक्य ठेवा. एकच गोष्ट बदलली तर छोट्या गावात माणूस ओळखू येतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरी दोन लहान मुलं आणि सासरे. लिहायला सलग दोन तास कधीच मिळत नाहीत. सुटीत लिहीन म्हणते आणि सुटी लग्नकार्यांत जाते.
— एक वाचक, जिल्हा बीड

ताई, सलग दोन तासांची वाट पाहणं सोडून द्या. पंचवीस मिनिटं धरा, पण रोज ठरल्या वेळी. पहाटेची वेळ सगळे सुचवतात. ज्या घरात पहाटे पाणी येतं आणि डबे करायचे असतात, तिथे पहाट ही वेळच नव्हे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसता आलं तर ते घरापेक्षा बरं, कारण घरात पाऊल टाकल्यावर ती पंचवीस मिनिटं कुणी तुमची राहू देत नाही.

पंचवीस मिनिटांत हाताने दोन-अडीचशे शब्द होतात. आठवड्यात पाच दिवस धरले तर हजाराच्या वर जातात. म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेचा कच्चा खर्डा तीन आठवड्यांत होतो, आणि दुरुस्तीला आणखी दोन आठवडे लागतात. वर्षाला चार कथा अगदी आरामात होतील. मराठीत सातत्याने लिहिणाऱ्यालाही एवढ्या पुरतात.

हा हिशेब बहुतेकांचा एकाच जागी फसतो. आज बसल्याबरोबर कालचं पान वाचायला घ्यायचं, त्यातला एक शब्द खटकला की तो बदलायचा, मग आधीचं वाक्यही बदलायचं. पंचवीस मिनिटं तिथेच संपतात. पंधरा दिवसांनी पहिलं पान चकाचक झालेलं असतं आणि दुसरं पान नसतंच. म्हणून कालच्या मजकुरातल्या फक्त शेवटच्या तीन ओळी वाचा आणि पुढे चला. शब्द आठवत नसेल, एखादी माहिती हवी असेल, तर तिथे फुली मारा. फुल्या शनिवारी एकदम भरायच्या. आणि उठताना प्रसंग पुरा करून उठू नका. पुढचं वाक्य काय येणार हे माहीत असतानाच थांबा, ते समासात दोन शब्दांत लिहून ठेवा. उद्या बसल्यावर सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

कथा दणक्यात सुरू होते आणि पाच-सहा पानांवर अडते. अशा अर्धवट कथांची फाइल झाली आहे.
— एक वाचक, डोंबिवली

फाइल ठेवा, टाकू नका. अडलेल्या कथेच्या शेवटच्या पानावर दोष क्वचितच असतो; तो सहसा दोन-तीन पानं मागे असतो. प्रत्येक प्रसंगासाठी एक चिठ्ठी करा आणि तिच्यावर एकच ओळ लिहा: या प्रसंगात काय बदललं? पैसा, माहिती, नातं, जागा, काहीही चालेल. ‘दोघं चहा पितात आणि जुन्या आठवणी काढतात’ अशी चिठ्ठी निघाली तर त्या प्रसंगात काही घडलेलंच नाही. अशा दोन चिठ्ठ्या लागोपाठ आल्या, की तिथेच कथा बसलीय असं समजा. एक तर तो प्रसंग काढा, नाही तर त्या चहाच्या टेबलावर कुणाला तरी अशी गोष्ट कळू द्या, जी कळायला नको होती.

दुसरं कारण असं, की मुख्य पात्राला काही नकोच असतं. ते खिडकीत बसून पाऊस बघतं. असं पात्र तीन पानं तग धरतं, पुढे लेखकच कंटाळतो.

मी अकोल्याचा. घरी, गावी वऱ्हाडीच बोलतो. कथा प्रमाण मराठीत लिहिली की पात्रं खोटी वाटतात, बोलीत लिहिली की मित्र म्हणतात पुण्यातले संपादक परत पाठवतील. काय करावं?
— एक वाचक, अकोला

मित्रांचं ऐकू नका. बोलीतलं लेखन मराठीत कधीच मुख्य रस्त्याला लागलंय. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही (१४ नियम १९६२ मध्ये आले, आणखी ४ नियम १९७२ मध्ये) पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. तेव्हा परवानगीचा प्रश्न मिटला. कठीण भाग आहे तो सातत्याचा.

बोली म्हणजे उच्चार बदललेली प्रमाण मराठी, अशी समजूत असते. त्यामुळे लेखक प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ आणि प्रत्येक ‘ण’चा ‘न’ करत सुटतो: डोया, काया, पानी, कोनी. पानभर असं आलं की वाचक अक्षरं सोडवत बसतो. बोलीचा जीव क्रियापदात आणि वाक्याच्या वळणात असतो. ही दोन वाक्यं पाहा:

‘काय करतोयस रे? का नाही आलास काल?’

‘काय करून राह्यला बे? काल काऊन नाई आला?’

दुसऱ्या वाक्यात अक्षरांची मोडतोड फारशी नाही. ‘करून राह्यला’ ही रचना, ‘काऊन’ आणि ‘बे’ एवढ्यावर माणूस उभा राहतो. सिंधुदुर्गातला माणूस उभा करायचा असता तर ‘काऊन’च्या जागी ‘कित्याक’ आलं असतं आणि वाक्याची सगळी चालच बदलली असती.

व्यवहारात असं करा. दहा-पंधरा शब्दांची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा: नाही/नाई, राहिला/राह्यला, काय तुमचं ठरेल ते. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. संपादकाकडे कथेबरोबर ती यादीही पाठवा, नाही तर मुद्रितशोधक ‘राह्यला’चा ‘राहिला’ करतो. त्याचं ते कामच आहे. निवेदन कुणाचं आहे हेही पहिल्या वाक्यात ठरवून टाका. गावातलाच माणूस ‘मी’ म्हणून सांगत असेल तर निवेदन बोलीत हवं. बाहेरून सांगणारा निवेदक असेल तर निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही रीत निभते. मधेच निवेदकाच्या तोंडी ‘पोट्टे’ आले आणि पुढच्या परिच्छेदात त्यांची ‘मुले’ झाली, की वाचक अडखळतो. आणि घरातल्या सगळ्यांना एकसारखी बोली देऊ नका. आजी जशी बोलते तशी अमरावतीला कॉलेजात जाणारी नात बोलत नाही; फोनवर मैत्रिणीशी बोलताना तिची भाषा आणखी तिसरी होते.

पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहे. लिहायला बसलो की १९९०-२००० च्या दशकांतलं पुणे-मुंबईच येतं. तपशिलात चुका होतील अशी भीती वाटते.
— एक वाचक, अमेरिका

भीती रास्त आहे. आठवण माणसं आणि वास नीट जपते, तारखांची मात्र सरमिसळ करते. कथेचं साल आधी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मग प्रत्येक वस्तू त्या सालाला लावून बघा. काही हमखास घसरणाऱ्या जागा सांगतो. १९९६ मध्ये तुमचा नायक गाडीने पुण्याहून मुंबईला निघाला तर तो जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरेल. द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २००२ मध्ये. रत्नागिरीहून मुंबईला रेल्वेने येणारं पात्र १९९५ मध्ये चालणार नाही, त्याला एसटीच हवी. मुंबईचं अधिकृत इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदललं, व्हीटीचं सीएसटी १९९६ मध्ये झालं. पण लोकांच्या तोंडी व्हीटीच राहिलं, तेव्हा संवादात व्हीटी आणि पाटीवर सीएसटी, असं एकाच प्रसंगात येऊ शकतं. मोबाइल १९९५ पासून आहे, पण २००३ पर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडत. म्हणून ‘मिस कॉल दे’ हे वाक्य त्या काळात नुसती सवय नव्हती, काटकसर होती. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून बाद झालं, तार जुलै २०१३ मध्ये थांबली.

एवढं करूनही एक चूक राहते, ती भाषेची. १९९४ मधलं पात्र ‘मी तुला पिंग करतो’ म्हणालं की सगळी मेहनत वाया. त्या वर्षीची वर्तमानपत्रं आणि विशेषतः छोट्या जाहिराती वाचा. जागेची भाडी, ट्यूशनची फी, स्थळं, हरवले-सापडले, सगळं एका पानावर मिळतं.

एक मत विचारलं नाहीत तरी देतो: न्यू जर्सीतलंही लिहा. भारतीय किराणा दुकानातल्या रांगेत दोन मराठी माणसं एकमेकांना ओळखूनही इंग्रजीत बोलतात, या प्रसंगासाठी कोणतंही साल तपासावं लागणार नाही.

पणजोबांच्या काळातल्या कोकणावर लिहायचं आहे. घरात कागदपत्रं नाहीत. साहित्य कुठे मिळेल?
— एक वाचक, रत्नागिरी

जेम्स कॅम्बेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये (जिल्हावार सरकारी माहितीग्रंथात) रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड आहे, १८८० चा. शासनाच्या दर्शनिका विभागाने जुने खंड इंटरनेटवर ठेवले आहेत. सलग वाचू नका, झोप येईल. तुमच्या तालुक्यातली बंदरं, पिकं, बाजारभाव, जत्रा आणि वाटा, एवढीच पानं काढा. लिहिणारा साहेब होता हे विसरू नका: जाती-जमातींच्या स्वभावांविषयी तो जे ठोकून देतो ते पुरावा म्हणून घेऊ नका, कुठल्या मालाचा भाव काय आणि गलबत कुठे लागायचं, हे मात्र घ्या.

शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती. त्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात खंड) कोकणासाठी जास्त उपयोगी पडतो, कारण त्यात प्रांतिक शब्दांपुढे (कों.), (गो.), (व.) अशा खुणा आहेत. शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात दोन्ही फुकट शोधता येतात. कोशातला शब्द सापडला म्हणून लगेच पात्राच्या तोंडी घालू नका. तो शब्द तुमच्या भागात ऐकलेला एखादा म्हातारा माणूस गाठून खात्री करा. अवजारांचे, होडीचे, गाडीचे शब्द तर कारागिराकडूनच घ्यावेत. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, धाव, जोखडाची शिवळ ही नावं सुताराच्या तोंडून ऐकताना त्याचं बोटही त्या त्या जागी जातं, आणि कथेत ते बोटच जास्त कामाला येतं.

दिवाळी अंकासाठी कथा कधी आणि कशी पाठवायची?
— बऱ्याच वाचकांकडून

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा धरतात. तेव्हापासून आजवर एक गोष्ट बदललेली नाही, ती म्हणजे उशिरा आलेली कथा. अंक सप्टेंबरअखेरपासून बाजारात येऊ लागतात. त्याआधी मांडणी, चित्रं, मुद्रितं, छपाई असते. त्यामुळे जून उजाडताना कथा तयार हवी. जुलैनंतर चांगल्या कथेलाही जागा उरतेच असं नाही.

शब्दमर्यादा अंकागणिक वेगळी असते, आवाहनात दिलेली पाळा. तीन हजार मागितले असताना सहा हजारांची कथा ‘योग्य वाटेल तिथे काटावी’ या चिठ्ठीसह पाठवू नका. काटणारा नेमकं तुमचं आवडतं काटतो. मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत), वर्ड फाइल म्हणून. सोबत पीडीएफ ठेवलीत तर जोडाक्षरं फुटली का ते संपादकाला ताडून पाहता येतं. मोबाइलने काढलेले हस्तलिखिताचे फोटो पाठवू नयेत. पत्र तीन ओळींचं पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं निवेदन. कथेचा आशय पत्रात समजावून सांगितला, की कथेवर तुमचा भरवसा नाही असं वाचणाऱ्याला वाटतं. फेसबुकवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशितच धरतात. आणि एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन अंकांत तीच कथा छापून आली तर पुढची काही वर्षं दोन्ही दारं बंद होतात.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कथा नव्या संगणकावर इंग्रजी चिन्हांच्या जंजाळासारख्या दिसतात. शिवाय युनिकोडमध्ये ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ नीट उमटत नाही, रफार होतो.
— एक वाचक, नाशिक

जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फॉन्टचं नाव शोधा (फाइल उघडून मजकूर निवडला की वर नाव दिसतं), त्याच नावाचं युनिकोड रूपांतर करणारं साधन वापरा आणि मग एकदा डोळ्यांनी वाचा. पहिली वेलांटी, रफार आणि ‘श्र’, ‘ज्ञ’ इथे रूपांतर बहुधा घसरतं. मूळ फाइल पुसू नका.

‘ऱ्य’, ‘ऱ्ह’साठी साधा ‘र’ न घेता खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिपींच्या प्रमाण कळरचनेवर) शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबा, मग ‘डी’ म्हणजे हलन्त, मग ‘ह’ किंवा ‘य’. ‘तऱ्हा’ची पूर्ण साखळी अशी: एल, शिफ्ट-जे, डी, यू, ई. संपूर्ण कथेत ‘र्य’, ‘र्ह’ शोधून सरसकट बदलू नका, नाही तर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ही बदलतील, एकेक बघून बदला.